शेजारचं कर्नाटक वर्गात आणताना : नव्या शिक्षकांसाठी

'इतर राज्यांची ओळख' हा उपक्रम आपल्या बहुतेक शाळांत एकाच साच्यात होतो. एक दिवस ठरतो, चार मुलांना लुंगी नेसवतात, कुणाची तरी आई इडली करून देते, एक नाच बसवला जातो आणि संध्याकाळपर्यंत फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात. मुलांना मजा येते, यात वाद नाही. पण त्या दिवसातून मनात उरतं ते एवढंच की शेजारी म्हणजे वेगळं नेसणारं, वेगळं खाणारं कुणीतरी. विजापूर-कलबुर्गीकडचा माणूस मात्र रोज आपल्यासारखीच ज्वारीची भाकरी खातो. वांगंही आपल्यासारखंच भरून करतो, आणि शेंगदाण्याची चटणी तर इतकी सारखी की ती सोलापूरची की विजापूरची हे चवीवरून सांगता येणार नाही.

'एक भारत श्रेष्ठ भारत' या केंद्राच्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावली आहे. लांबच्या राज्याची ओळख व्हायलाच हवी. पण त्यामुळे भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी शिकवण्याचं काम कुठल्याही परिपत्रकात नेमकं येत नाही, ते आपणच अंगावर घ्यावं लागतं. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, धाराशिव, लातूर आणि नांदेड या सात जिल्ह्यांची हद्द कर्नाटकाला लागते. तिथल्या चौथी ते नववीच्या शिक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. नंदुरबार किंवा गोंदियात असाल तर नावं बदला, रीत तीच चालेल.

आधी एक धागा निवडा

कर्नाटक 'संपूर्ण' शिकवायला जाऊ नका. राजधानी, लोकसंख्या, मुख्य पिकं, नृत्यप्रकार ही यादी मुलं परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी आपल्याच गावातून निघून सरहद्दीपलीकडे जाणारी एक गोष्ट शोधा आणि सहा-आठ शनिवार तिच्याच मागे जा. 'आनंददायी शनिवार'चा वेळ यासाठी उत्तम.

धागा शोधायचा कसा? मुलांना घरी विचारायला तीन प्रश्न द्या. आपल्या गावातून कर्नाटकात कोण जातं आणि कशासाठी? तिकडून आपल्याकडे कोण येतं? घरात असं काय केलं जातं, जे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे करत नाहीत?

तिसऱ्या प्रश्नाला फार चांगली उत्तरं येतात. कोल्हापूर-सांगलीकडे ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर असतो आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. बाकी महाराष्ट्रात बैलांचा पोळा येतो तो श्रावण अमावस्येला. एकाच तालुक्यात एका गावचे बैल ज्येष्ठात सजतात आणि शेजारच्या गावचे आषाढात, हे मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्याचं कारण मात्र कुणी विचारलेलं नसतं. ज्येष्ठी पौर्णिमेला उत्तर कर्नाटकात 'कारहुण्णिमे' म्हणून हाच बैलांचा सण करतात, हे सांगितलं की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात.

लातूर-धाराशिवच्या शाळांना तर शोधायचीही गरज नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, हाच धागा घ्या. रानात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे आणि अंबिलाचा नैवेद्य दाखवायचा, मग उभ्या पिकातून अंबिल शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असं ओरडत फिरायचं. हे शब्द मराठी नाहीत, हे प्रत्येक मुलाला जाणवतं. बीदर-कलबुर्गीकडे त्याच दिवशी 'एळ्ळ अमावास्ये' असते. तिथलं कुटुंबही बैलगाडीत नाहीतर टेंपोत बसून रानात जातं आणि पिकात नैवेद्य शिंपडतं. तिकडच्या एखाद्या शिक्षकाकडून त्या दिवसाचे पाच-सहा फोटो मागवा आणि आपल्या गावच्या फोटोंत मिसळून मुलांपुढे ठेवा. कुठला फोटो कुठला, हे ओळखायला सांगा. भरपूर चुकतील, आणि त्या चुकांवर जी चर्चा होते ती कुठल्याही धड्यात मिळत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या. बीड, लातूर, धाराशिवच्या वर्गांत ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाऊन आलेली मुलं असतात. वर्षभर त्यांच्याकडे 'शाळा बुडवणारी' म्हणून पाहिलं जातं. या विषयात मात्र वर्गातले खरे जाणकार तेच. त्यांना कन्नडमधले आकडे येतात, दुकानात काय म्हणून मागायचं ते येतं, बेळगावकडचा ऊस आणि आपला ऊस यातला फरक सांगता येतो. त्यांच्या हालांचं वर्णन वर्गापुढे करून घेऊ नका. त्यांना माहिती विचारा, जशी पाहुण्या वक्त्याला विचारतो तशी.

नकाशा काढा, पण सरहद्द पहिल्या दिवशी नको

कृष्णाकाठच्या शाळांसाठी हा भाग मी सगळ्यांत मोलाचा मानतो. तीन-चार कार्डशीट लांबीला चिकटवून पट्टी करा. डाव्या टोकाला महाबळेश्वर. तिथून निळ्या खडूने नदी निघू द्या : वाई, मग कऱ्हाडला कोयना येऊन मिळते, पुढे औदुंबर, सांगली, आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगेचा संगम. मुलं इथपर्यंत हुशारीने सांगतात, कारण कुणाचं आजोळ वाईला असतं, कुणी वाडीला पौर्णिमा केलेली असते. मग पट्टी पुढे सरकते. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ, मग अलमट्टीचं धरण, मग मलप्रभा येऊन मिळते ते कूडलसंगम, जिथे बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ आहे. त्याच्याही पुढे नदी तेलंगण आणि आंध्रातून समुद्राला जाते. एकूण साधारण १४०० किलोमीटर.

सोलापूरकडे हेच भीमेचं करा. भीमाशंकर, पंढरपूर, मग कलबुर्गी जिल्ह्यातलं गाणगापूर, आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळणं. नदीच्या पट्टीवर माणसंही चालवता येतात. नृसिंह सरस्वतींचा जन्म वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याचा, वास्तव्य औदुंबर आणि वाडीला, आणि अखेरचा मोठा काळ गाणगापूरला, अशी परंपरा आहे. आज दत्तभक्त या सगळ्या ठिकाणी जातात आणि एसटीचं तिकीट बदललं तरच राज्य बदलल्याचं त्यांना कळतं.

पट्टी पूर्ण झाली, गावं लिहून झाली, मुलांनी देवळं-धरणं चितारली, की पुढच्या शनिवारी राज्याची हद्द पेन्सिलीने आखायला सांगा. आधी नदी आणि मग हद्द, हा क्रम मोडू नका. ज्याने आधी नदी काढली आहे त्याला हद्द ही नंतर आखलेली रेघ आहे हे हाताने कळतं.

अलमट्टीपाशी पट्टी आली की सांगली-शिरोळची मुलं पुराचा विषय काढणारच. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर त्यांच्या घरांनी सोसले आहेत आणि 'अलमट्टीमुळे पूर येतो' हे त्यांनी ऐकलेलं असतं. विषय दाबू नका. धरणात पाणी किती साठवायचं, कधी सोडायचं, यावर दोन राज्यांचे अभियंते पावसाळाभर एकमेकांशी बोलत असतात, आणि त्या बोलण्यावर दोन्हीकडच्या गावांचं सुखदुःख अवलंबून असतं. शेजाऱ्याशी संबंध का ठेवायचा, याचं यापेक्षा रोकडं उदाहरण मला माहीत नाही.

भाषा : वीस वाक्यं पुरेत

कन्नड शिकवणं हा हेतू नाही. परक्या वाटणाऱ्या भाषेची भीड मोडावी, एवढाच आहे. 'निम्म हेसरु एनु?' म्हणजे तुमचं नाव काय. 'ऊट आय्ता?' म्हणजे जेवण झालं का. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. पुस्तकात 'या' साठी 'बन्नी' असतं, पण विजापूर-धारवाडकडे 'बर्री' म्हणतात. मुलांना बर्रीच शिकवा, तेच त्यांच्या कानावर पडणार आहे. केंद्राच्या 'भाषा संगम' उपक्रमात २२ भाषांतली रोजच्या वापरातली वाक्यं आहेत, त्यांचाही उपयोग होतो.

आता एक हमखास जमणारी गोष्ट. बालभारती मराठीबरोबरच कन्नड माध्यमाचीही पुस्तकं छापते आणि ती ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात. आपल्या इयत्तेचं परिसर अभ्यासाचं किंवा गणिताचं कन्नड पुस्तक घ्या आणि मराठी पुस्तकाशेजारी उघडून ठेवा. तोच धडा, तेच चित्र, फक्त अक्षरं गोलसर. मुलं चित्रावरून शब्द ओळखू लागतात. महाराष्ट्रातच जत, अक्कलकोट, सोलापूर इथे आपल्यासारखीच मुलं याच पुस्तकातून शिकतात, हे कळल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

मग पहिलीचं कन्नड पुस्तक काढा. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे : अ आ इ ई, क ख ग घ. फक्त ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत. त्यामुळे कन्नड न येणारं मूलही क्रमाने मोजत जाऊन आपल्या नावाचं अक्षर शोधू शकतं. ळ तिथेही आहे, आणि प्रमाण हिंदीत तो नाही, हे मुलांना फार आवडतं. आपलं नाव कन्नडमध्ये लिहून प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर डकवावं. तूप-तुप्प, कोथिंबीर-कोत्तंबरी, अण्णा, अक्का, अप्पा असे सारखे शब्द येता-जाता सांगा. पण कोणाचा शब्द कोणी घेतला याची स्पर्धा लावू नका.

खरा माणूस वर्गात आणा

तक्ते कितीही लावले तरी एका माणसाच्या भेटीची बरोबरी होत नाही. सरहद्दीवरच्या प्रत्येक गावात कन्नड घरातून लग्न होऊन आलेल्या बायका असतात. त्यांतल्या एखाद्या आजींना बोलवा. मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या आणि आजींना प्रश्न आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे त्या अवघडत नाहीत. त्यांना भाषण करायला सांगू नका. एखादी ओवी म्हणायला सांगा, रोटी थापताना माहेर आणि सासर यांत काय फरक वाटला ते विचारा. सासरी आल्यावर पहिला मराठी शब्द कोणता शिकलात, या प्रश्नावर बहुतेक आजी खुलून बोलतात.

वर्गात कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरातलं मूल असेल तर त्याला परस्पर 'आपल्या वर्गातला कर्नाटकचा प्रतिनिधी' करून टाकू नका. त्याला आवडेल का हे आधी एकट्याला विचारा. ते नाही म्हणालं तर विषय तिथेच सोडा. चिडवण्याची टोपणनावं वर्गात चालत असतील, तर ती बंद करणं हे या उपक्रमाआधीचं काम आहे.

याच्या पुढचा टप्पा पत्रांचा. सरहद्दीपलीकडची एखादी सरकारी शाळा गाठा. ओळख नसेल तर जत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड माध्यमाच्या शिक्षकांना मध्ये घाला. त्यांना दोन्ही भाषा येतात आणि ते मनापासून मदत करतात. मुलं मराठीत लिहितील, समोरची कन्नडमध्ये. प्रत्येक पत्रात एक चित्र असावं आणि एक प्रश्न असावा, म्हणजे उत्तर यायला कारण राहतं. घरचा पत्ता आणि फोन नंबर पत्रात जाणार नाहीत हे पाहा. सगळा व्यवहार शाळेच्या नावाने करा. दोन-तीन पत्रांनंतर एकदा व्हिडिओ कॉल लावा, अर्ध्या तासाचा, आणि तोही नुसत्या गप्पांचा नको. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना एक खेळ शिकवावा. भाषा अडली तरी खेळ अडत नाही.

इतिहास शिकवताना 'आपला' आणि 'त्यांचा' जपून वापरा

सातवीच्या पुढच्या मुलांना तीन पुरावे दाखवा, एवढ्यावर एक तास रंगतो.

पहिला, ऐहोळेचा ६३४ सालचा शिलालेख. बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती रविकीर्तीने संस्कृतात लिहिली, आणि त्यात ९९ हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा उल्लेख येतो. महाराष्ट्राचं नाव कर्नाटकातल्या दगडावर.

दुसरा, राष्ट्रकूट. वेरूळचं कैलास लेणं पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं. त्याच घराण्याची पुढची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. तिथे नवव्या शतकात अमोघवर्षाच्या दरबारी 'कविराजमार्ग' हा कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ झाला, आणि त्यात कन्नड नाडू, म्हणजे कन्नड मुलूख, कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं म्हटलं आहे. हे वाचून एखादा मुलगा चिडून म्हणेल, 'गोदावरी तर आपली!' त्याला चिडू द्या आणि मग विचारा, तेव्हा नाशिक-पैठणच्या बाजारात किती भाषा ऐकू येत असतील?

तिसरा, श्रवणबेळगोळ. हासन जिल्ह्यातल्या गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायांजवळ एकच गोष्ट कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरली आहे : मूर्ती चामुंडरायाने करवली. मराठी ओळ आहे 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. फळ्यावर लिहा आणि कुणीही न सांगता मुलं तिचा अर्थ लावतात की नाही पाहा. लावतात. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत गणली जाणारी ही ओळ इतक्या दूर दक्षिणेत का कोरली असेल, यावर मुलांना तर्क करू द्या. यात्रेकरू, व्यापारी, दानशूर... जेवढे तर्क तेवढं चांगलं.

भक्तीचा भाग सोलापूरकरांनी स्वतःच्या ग्रामदैवतापासून सुरू करावा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पाहायला अख्खी शाळा जाते, पण ज्यांची ती यात्रा ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतले संत होते आणि त्यांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली, हे कित्येक मुलांना माहीत नसतं. बसवेश्वरांचा काही काळ मंगळवेढ्यात गेला, तेही शेजारीच. आणि पंढरीचा विठोबा : ज्ञानेश्वर त्याला कानडा म्हणतात, पुरंदरदास आपल्या कन्नड पदांच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा घालतात. एक अभंग आणि एक दासरपद एकापाठोपाठ ऐकवा, मध्ये काहीही बोलू नका.

गाणं आणि नाटक

हा तास मुलांना सगळ्यांत जास्त आवडतो, म्हणून तो शेवटाकडे ठेवा. पट्टीच्या नकाशावरच एक नवी रेघ काढा. उत्तर प्रदेशातलं कैराना, तिथले अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे, ते पुण्यात स्थायिक झाले आणि १९५३ पासून गुरूच्या नावाने महोत्सव चालवला. गंगूबाई हनगल याच गुरूंच्या शिष्या, त्या हुबळीत राहिल्या. या सगळ्यांच्या मागे वाजणारा तानपुरा बहुधा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला. सांगली जिल्ह्यातल्या शाळांनी ती गल्ली जरूर दाखवावी. भोपळा कसा कोरतात, जवारी कशी लावतात हे कारागीर प्रेमाने दाखवतात.

नाटकाचंही तसंच. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ सांगलीला आला. तो पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्याकडेही असं काही करावं असं विष्णुदास भाव्यांना सुचवलं, आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' झालं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्या दिवशी यक्षगानाची, म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक नाट्यप्रकाराची, दहा मिनिटांची चित्रफीत दाखवली तर उगम डोळ्यांपुढे येतो.

नववीच्या मुलांना आणखी एक जोडी सांगा. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत, कन्नडचे थोर कवी झाले, ज्ञानपीठ मिळवलं, आणि बरीच वर्षं सोलापूरच्या कॉलेजात शिकवत होते. जी. ए. कुलकर्णी मराठीचे थोर कथाकार, आणि त्यांनी आयुष्यभर शिकवलं ते धारवाडच्या कॉलेजात.

सीमाप्रश्न आला तर

तो येणार. टाळलात तर मुलं मोबाइलवरून अर्धवट काहीतरी उचलतील. आठवीच्या खाली फार खोलात जायची गरज नाही, वरच्या वर्गांना घटनाक्रम सरळ सांगा. १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते, तर लातूर, धाराशिवकडचा भाग आणि बीदर, गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) हैदराबाद राज्यात. राज्य पुनर्रचनेत बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. चंदगड तालुका मात्र बेळगावातून कोल्हापुरात आला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे आणि २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे.

एवढं सांगून झालं की माणसांकडे वळा. बेळगाव-खानापूरच्या मराठी माणसाला आपल्या भाषेत शाळा, कागदपत्रं आणि फलक हवे आहेत, त्यासाठी त्याने पिढ्यान् पिढ्या झगडा दिला आहे. तो झगडा मुलांना आदराने सांगा. आणि त्याच तासाला विचारा, की जत-अक्कलकोटमधल्या कन्नड माणसाला काय हवं असेल? मी हा प्रश्न वर्गात कधीच वगळत नाही. वर्गात घोषणा होऊ देऊ नका, तुमचं मत कुणी विचारलं तर सांगा, पण ते मत आहे असं म्हणून सांगा.

सहल आणि नोंद

जमलं तर एक दिवसाची सहल काढा. सोलापूरहून विजापूर किंवा कोल्हापूरहून बेळगाव साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. राज्याबाहेर जायचं म्हणून शिक्षण विभागाची परवानगी दोन महिने आधी मागा, पालकांची लेखी संमती घ्या, आणि गोलघुमटाइतकाच वेळ पत्रमैत्रीच्या शाळेसाठी राखून ठेवा. डबे दोन्ही शाळांचे एकत्र उघडले तर जेवणाचा वेगळा कार्यक्रम लागत नाही.

गुण देऊ नका. सुरुवातीला प्रत्येक मुलाकडून 'कर्नाटकाबद्दल मला काय माहीत आहे' हे पाच ओळींत लिहून घ्या, शेवटी तोच कागद परत द्या आणि खाली आणखी पाच ओळी लिहायला सांगा. काय बदललं ते तुम्हालाही दिसेल आणि त्यालाही. नदीची पट्टी गुंडाळून कपाटात जपा, पत्रांची फाइल करा, समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर शाळेच्या दप्तरी नोंदवा. तुमची बदली झाली तरी पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या शिक्षकाला तिथूनच पुढे जाता आलं पाहिजे.